बारा हिरव्या खुणा

"हो" म्हणायच्या आधी ती नटी थांबली. फार नाही, आवंढा गिळायला लागतो तेवढीच. पण तेवढ्यात कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेल्या बाईंच्या कपातला चहा हिंदकळून बशीत आला आणि बाईंना स्वतःच्याच हाताचं नवल वाटलं. एकतीस वर्षं भिंगाखाली काम केलेला हात तो. त्याने कधी असा दगा दिला नव्हता. समोर प्लायवूडचं कोर्ट उभं होतं. न्यायाधीशांची खुर्ची कुठल्या तरी खऱ्या कचेरीतून आणलेली असावी, पण तिच्यामागची भिंत डोक्याच्या उंचीवर संपत होती आणि तिथून दिव्यांच्या वायरी लोंबत होत्या. साक्षीदाराच्या पिंजऱ्याला ओल्या पॉलिशचा वास होता. त्या पिंजऱ्यात बाईंसारखाच राखाडी कोट घालून, बाईंसारखाच जाड काड्यांचा चष्मा लावून, आखूड पांढऱ्या केसांचा टोप चढवून ती नटी बाईंचं वाक्य बोलत होती. वाक्य तरी कसलं, एक शब्द. वकील झालेल्या नटाने विचारलं होतं, या बारा खुणा तुम्ही आरोपीच्या बोटांचे ठसे बघण्यापूर्वी केल्या होत्या का? त्यावर हो एवढंच म्हणायचं होतं, आणि ती थांबली होती.

दिग्दर्शकाने टेक तोडला. तसा तो गोड बोलणारा माणूस होता. त्याने नटीला समजावलं की ही बाई थांबत नाही, हीच तर तिची गंमत आहे. सगळं कोर्ट रडतंय आणि ही घड्याळासारखी उत्तरं देतेय, यावरच आपला अख्खा भाग उभा आहे. नटीने मान डोलावली, पण तिला ते पटलेलं दिसलं नाही. तिथे मला आपोआप थांबावंसं वाटलं, ती म्हणाली, आणि कोटाची बटणं काढत सरळ बाईंकडे आली. "मॅडम, तुम्ही खरंच थांबला नव्हतात?"

"आठवत नाही," बाई म्हणाल्या.

आता हे बाईंच्या तोंडून यावं म्हणजे कमालच. बाईंना सगळं आठवायचं. कोणत्या खटल्यात कोणत्या साक्षीला न्यायाधीशांनी पंखा बंद करायला लावला होता, ते वर्षासकट आठवायचं. प्रयोगशाळेत त्यांना तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठीमागे फ्रीज. दार उघडलं की दिवा लागतो, आत सगळं नीट मांडलेलं, आणि आत हात कुणी फार वेळ ठेवत नाही, अशी त्यातली मेख होती. हे नाव बाईंनाही ठाऊक होतं आणि त्यांना त्याचं वाईट वाटत नसे. निदान तशी सगळ्यांची खात्री होती. घरी नवरा तर पाहुण्यांसमोर हसत हसत सांगायचा की हिला ताप आलाय की नाही हे थर्मामीटरला विचारावं लागतं, ती स्वतः काही सांगायची नाही. बाईही हसायच्या. निवृत्त होऊन त्यांना एक वर्ष झालं होतं, आणि ही मालिकावाली मंडळी त्यांच्या एका जुन्या खटल्यावर गुन्हेकथेचा भाग करत होती. नावं बदललेली, शहर बदललेलं, पण ठशांचं सगळं बरोबर असावं म्हणून त्यांनी बाईंना चार दिवस बोलावलं होतं. बाईंनी भिंग आणलं होतं, दोन रंगीत पेन्सिली आणल्या होत्या, आणि पहिल्या दिवशी सगळ्यांना समोर बसवून त्या पेन्सिलींचा नियम समजावून दिला होता.

नियम साधा होता, आणि बाईंनी तो स्वतः घालून घेतला होता. गुन्ह्याच्या जागेवर मिळालेला ठसा बहुतेक वेळा अर्धामुर्धा, फिसकटलेला असतो. संशयिताच्या दहा बोटांचे ठसे मात्र पोलिसांनी शाई लावून, दाबून, कार्डावर स्वच्छ घेतलेले असतात. आधी तो फिसकटलेला ठसा एकटा बघायचा. कुठे रेषा फुटते, कुठे संपते, कुठे दोन रेषांमध्ये एक तुकडा अडकलाय, ते हिरव्या पेन्सिलीने टिपायचं. मगच कार्ड उलटायचं. कार्ड बघितल्यावर जे नव्याने दिसेल ते लाल पेन्सिलीने. आणि लाल खुणा मोजायच्या नाहीत. कारण माणूस एकदा नीट चेहरा बघून आला की त्याला ढगातही तोच चेहरा दिसतो. त्यात लबाडी नसते, डोळ्यांचा स्वभावच तसा. बारा हिरव्या खुणा जुळल्या तर ठसा त्याचा. अकरा जुळल्या तर मत देता येत नाही. बाईंची ही पद्धत पुढे सबंध प्रयोगशाळेने उचलली. दुसरी सही करणारा तज्ज्ञ हिरवा रंग बघूनच निर्धास्त व्हायचा, आणि रंग बाईंच्या हातचा असेल तर भिंग उचलायचेही कष्ट घ्यायचा नाही.

दुसऱ्या टेकला नटी थांबली नाही. दिग्दर्शक खूष झाला. सगळे जेवायला उठले, दिवे मालवले गेले, आणि बाई त्या खोट्या कोर्टात बशीतला थंड चहा हातात धरून बसून राहिल्या. खरं कोर्ट यापेक्षा लहान होतं. पिंजऱ्याच्या लाकडी कठड्यावर कुणीतरी किल्लीने की नखाने एक आडवी रेघ ओढली होती, आणि दीड तासाच्या साक्षीत बाईंची तर्जनी त्या रेघेवर होती. खटला एका म्हाताऱ्या संगीतशिक्षिकेच्या मृत्यूचा होता. एकटी राहायची. तिला कुणीतरी ढकललं, ती स्वयंपाकघरातल्या ओट्यावर डोकं आपटून पडली आणि सकाळपर्यंत तशीच पडून राहिली. खिडकीच्या काचेवर, आतल्या बाजूने, एक ठसा मिळाला. शेजारच्या इमारतीला परांचीवर चढून रंग देणारा एक रंगारी होता, त्याला पकडलं. मी त्या घरात कधी पाऊलही टाकलं नाही, असं तो पहिल्यापासून म्हणत होता. त्याला कुणी आत जाताना पाहिलं नव्हतं, त्याच्याकडे त्या घरातलं काही सापडलं नव्हतं. होता तो फक्त काचेवरचा ठसा, आणि ठशाच्या बाजूने बाई. त्याला जन्मठेप झाली. त्या गोष्टीला आता चार वर्षं होऊन गेली होती.

बचावाचे वकील वयस्क होते, दमलेले होते, पण त्यांनी अभ्यास केला होता. हिरव्या-लाल पेन्सिलींची माहिती त्यांनी कुठून तरी काढली होती आणि साक्ष संपता संपता त्यांनी तो प्रश्न विचारला. या बारा खुणा तुम्ही आरोपीचे ठसे बघण्यापूर्वी केल्या होत्या का? बाईंना हा प्रश्न पूर्वीही अनेकदा विचारला गेला होता आणि दर वेळी उत्तर तोंडावर तयार असायचं. त्या दिवशीही होतं. पण ते येण्याआधी बाईंनी आरोपीकडे पाहिलं. कधी पाहत नसत. ठशाला चेहरा नसतो, असं त्या नव्या लोकांना शिकवत असत. रंगारी खाली मान घालून एका अंगठ्याच्या नखाने दुसऱ्या अंगठ्याचं नख खरवडत होता. नखाच्या कडेला वाळलेला रंग काढतात ना, तसं. सात महिने कच्च्या कैदेत काढलेल्या माणसाच्या नखात रंग कुठून असणार? निव्वळ सवय. त्याच्या हाताला अजून कळलं नव्हतं की काम सुटलं. बाईंचं बोट कठड्यावरच्या रेघेवर एकदा पुढे गेलं, एकदा मागे आलं. मग त्या हो म्हणाल्या. वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी आलं की तज्ज्ञ साक्षीदाराने क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिलं. बाईंनी ती बातमी वाचली, आणि छापून आलंय म्हणजे तसंच असणार, असं मानायला त्यांना जड गेलं नाही.

जेवणानंतर प्रयोगशाळेचा प्रसंग होता. टेबल, दिवा, भिंग, शेजारी ठशाचा मोठा केलेला फोटो, आणि सगळ्यात वर दहा ठशांचं कार्ड, उताणं. सामान मांडणाऱ्याने ते तसं ठेवलं कारण कॅमेरा वरून येणार होता आणि स्वच्छ ठसे पडद्यावर देखणे दिसतात. नटी येऊन बसली. तिने भिंग उचललं, आणि समोर जे वर होतं तेच आधी हातात घेतलं. कार्ड. उजव्या तर्जनीच्या ठशावर भिंग धरून ती वाकली आणि इतक्या मन लावून बघायला लागली की दिग्दर्शकाने कॅमेरा नुसताच चालू ठेवायची खूण केली. बाई उठल्या. चार पावलं पुढे गेल्या. "अहो, असं नाही, आधी फोटो. कार्ड पालथं पाहिजे, कार्ड आधी कधीच..." एवढं म्हणून त्यांचं वाक्य तिथेच राहिलं. सगळे त्यांच्याकडे बघत होते. कॅमेरा चालू असताना बोलल्याबद्दल त्यांना कुणी रागावेल असं वाटून एक जण घाईने म्हणाला, राहू द्या मॅडम, आपण परत घेऊ. बाईंना काही ऐकू गेलं नाही. त्या टेबलावरच्या उताण्या कार्डाकडे बघत होत्या, आणि त्यांना एक बुधवारची सकाळ दिसत होती.

बुधवार, पावणेअकरा. प्रयोगशाळेतल्या त्यांच्या टेबलावरचा फोन वाजला. मुलगी बोलत होती, परगावाहून. दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन ती तिकडे गेली होती, आणि आता तिला दिवस गेले होते. घरात नवऱ्याने त्या न आलेल्या बाळासाठी तीन नावं शोधून ठेवली होती आणि रोज एक रद्द करत होता. मुलगी म्हणाली, "आई, बाळ गेलं." बाईंना ते कळलं. लगेच, पूर्ण कळलं. डोळ्यांपुढचं टेबल थोडं लांब गेलं. बोलायचं खूप होतं. माझं बाळ गं तू, म्हणायचं होतं. तू घाबरू नकोस, मी आहे, म्हणायचं होतं. आणि या सगळ्याच्या पुढे धावत जाऊन त्यांच्या तोंडातून बाहेर पडलं ते हे: "कितवा आठवडा होता?"

पलीकडे काही क्षण नुसता श्वास. एकविसावा, मुलीने सांगितलं. मग बाईंनी डॉक्टर काय म्हणाले ते विचारलं. रक्त किती गेलं ते विचारलं. उत्तरं येत होती, म्हणून प्रश्न येत होते. शेवटी मुलगी म्हणाली, तुला आणखी काही विचारायचं नाही का आई, दुसरं काही? बाई म्हणाल्या, मी संध्याकाळच्या गाडीने येते. मुलगी म्हणाली, नको, राहू दे. आणि नको म्हणजे नको असा अर्थ घेणाऱ्या त्या घरात एकट्या बाईच होत्या. नवरा दुपारीच मुलीकडे निघून गेला, कुणाला विचारलं नाही की सांगितलं नाही. बाई राहिल्या. पाच वर्षं होत आली, मुलगी दर रविवारी फोन करते, तब्येत विचारते, हवापाण्याचं बोलते, आणि दोघीही ठरल्या वेळी फोन ठेवतात. त्या बुधवारचं कुणी काढत नाही. नंतर मुलीला मूल झालं नाही. त्याबद्दल बाईंनी विचारलंही नाही, कारण विचारलं तर कसं विचारलं जाईल याची त्यांना आता भीती वाटायची.

फोन ठेवला तेव्हा शेजारच्या टेबलावर त्यांचा सहायक बसला होता. तो आता प्रयोगशाळेचा प्रमुख आहे, पण तेव्हा दुसरी सही करायचा. त्याने विचारलं, काही विशेष? बाई म्हणाल्या, नाही. आणि चेहरा कुठे तरी ठेवायला हवा म्हणून त्यांनी खाली पाहिलं. खाली कार्ड होतं. पोलीस ठाण्यातून आलेल्या माणसाने आपला शहाणपणा करून दोन्ही पाकिटं फोडून ठेवली होती, आणि कार्ड वर होतं, उताणं. एरवी बाईंनी नजर वळवून ते पालथं घातलं असतं. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की हात आपण होऊन ते करायचा. त्या दिवशी हात उठला नाही. त्या बघत राहिल्या. उजव्या हाताची तर्जनी, चक्र. मधोमध एक गोल, आणि त्याभोवती रेषा फिरत फिरत बाहेर जाणाऱ्या. बाई एका रेषेवर चढल्या आणि चालू लागल्या. ती फुटली तिथे डावीकडे वळल्या, संपली तिथे पलीकडच्या रेषेवर गेल्या. तिथे कुणी काही विचारत नव्हतं. काही बोलावं लागत नव्हतं. रडावंही लागत नव्हतं. अनोळखी शहरात मन ताळ्यावर येईपर्यंत माणूस पायी भटकतो, तशा त्या त्या परक्या माणसाच्या बोटावर भटकत राहिल्या. डोकं वर काढलं तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात अकरा पंचवीस झाले होते आणि त्यांना थोडं बरं वाटत होतं.

मग त्यांनी काचेवरच्या ठशाचा फोटो पुढे ओढला. हिरवी पेन्सिल हातात घेतली, कारण सुरुवात हिरव्याने करायची असते. आणि ठसा कसा उलगडत गेला! पहिल्या नऊ खुणा तर ठळकच होत्या, कुणालाही दिसल्या असत्या. उरलेल्या तीन खालच्या कडेला, जिथे बोट घसरल्यासारखं फिसकटलं होतं, तिथे. त्या धुरकट पट्ट्यात त्यांना एक फाटा दिसला, एक टोक दिसलं, एक तुकडा दिसला. इतक्या सहज दिसल्या की त्यांना आपल्या नजरेचं कौतुकच वाटलं. बारा. लाल पेन्सिलीला हातही लावावा लागला नाही. आपण काय करतोय हे त्यांना त्या वेळी कळलं नव्हतं, असं म्हणता येईल. पण बाई आता त्या प्लायवूडच्या प्रयोगशाळेत उभ्या होत्या आणि त्यांनी स्वतःला तेवढीही सूट दिली नाही. कळत होतं. कळू दिलं नव्हतं. कळू दिलं असतं तर का, असा प्रश्न आला असता, आणि त्याचं उत्तर बोलून दाखवावं लागलं असतं. ते त्यांच्या जिवावर आलं होतं. त्यापेक्षा खुणा हिरव्या ठेवणं सोपं होतं.

नटी खुर्चीवरून उठून त्यांच्याजवळ आली होती. तिने बाईंचा हात धरला नाही, नुसती शेजारी उभी राहिली, याबद्दल बाईंना तिचे उपकार वाटले. "मी थांबले होते," बाई तिला म्हणाल्या. "सकाळी विचारलंत ना. थांबले होते." बाईंनी टेबलावरची आपली हिरवी पेन्सिल उचलून पर्समध्ये टाकली. दिग्दर्शकाला म्हणाल्या, मला उद्यापासून यायला जमणार नाही, आणि या भागात माझं नाव देऊ नका. तो बिचारा गोंधळून गेला. मानधनाबद्दल काही बोलू लागला. बाई निघाल्यासुद्धा.

बाहेर दुपारचं चांगलं ऊन होतं. बसथांब्यावर एक माणूस वर्तमानपत्राने वारा घेत होता, बाकावर एक बाई झोपलेल्या मुलीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. सगळं जिथल्या तिथे होतं. बाईंनी मनात पुन्हा एकदा ठसा काढला आणि शेवटच्या तीन खुणा झाकून बघायचा प्रयत्न केला. जमेना. त्या दिसतच होत्या. कार्डातल्या की फोटोतल्या, हे आता त्यांनाच सांगता येत नव्हतं, आणि या जन्मात येणारही नव्हतं. कदाचित तो ठसा रंगाऱ्याचाच होता. असेलही. पण नऊ खुणांवर माणसाला आत ठेवता येत नाही, हा नियम त्यांनीच शिकवला होता. चार वर्षं. त्या मुलीचं डोकं मांडीवर घेतलेल्या बाईने त्यांना विचारलं, बस किती वेळात येईल हो? बाईंनी घड्याळ बघून सांगितलं. मग त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला त्या बसने जायचंच नाही. त्या उलट दिशेला, प्रयोगशाळेकडे चालू लागल्या.

सहायकाने, म्हणजे आताच्या प्रमुखाने, दार लावून घेतलं आणि सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. बाईंनीच त्याला घडवलं होतं. तो बराच वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिला. मग हळूहळू बोलला. तुम्ही एका खटल्याबद्दल सांगताय, पण वकील लोक एकावर थांबणार नाहीत; तुमच्या हिरव्या खुणांवर चारशेच्या वर माणसं आत गेलीत, त्यातला प्रत्येक जण अर्ज करेल. वर्तमानपत्रं तुम्हाला सोडणार नाहीत. माझी दुसरी सही आहे, मलाही सोडणार नाहीत. आणि मॅडम, ठसा त्याचाच निघाला तर? तर हे सगळं कशासाठी?

"तो फोटो कुणातरी नव्या माणसाला दे," बाई म्हणाल्या. "ज्याने कार्ड बघितलेलं नाही अशाला. त्याला बारा सापडल्या तर बरंच आहे."

"आणि नाही सापडल्या तर?"

"म्हणून तर दे म्हणते."

त्याने मान खाली घातली. पण कारण काय सांगणार, त्याने विचारलं. एकतीस वर्षांत कधी न चुकलेली बाई एकाच दिवशी कार्ड का बघते, हे सगळे विचारतील. मी तर शेजारीच होतो, मला तर काही दिसलं नव्हतं. बाई म्हणाल्या, तुला दिसू नये म्हणूनच बघत होते. त्याला ते कळलं नाही, आणि बाईंनी ते तिथे जास्त फोडून सांगितलंही नाही. बाई दाराशी गेल्यावर तो एवढंच म्हणाला की फोटो उद्या काढतो, माझ्या जबाबदारीवर. बाईंना त्याचा अभिमान वाटला, पण तेही त्या बोलल्या नाहीत. आणि जिना उतरताना त्यांना त्याची चुटपुट लागली. अर्ध्या जिन्यावरून त्या परत वर गेल्या, दार ढकललं आणि म्हणाल्या, चांगलं करतोयस. तो खुर्चीतून उभाच राहिला.

बचावाच्या वकिलांचं ऑफिस दुसऱ्या दिवशी सापडलं. एका लांबट खोलीत फायलींच्या ढिगांमधून वाट काढत जावं लागत होतं, आणि टोकाला ते स्वतः बसलेले. थकलेला तोच चेहरा, थोडा अधिक सुकलेला. त्यांना बाईंना ओळखायला वेळ लागला नाही, आणि बाईंचं बोलणं ऐकून घेताना त्यांनी एकदाही विजयी मुद्रा केली नाही. रंगारी कसा आहे, असं बाईंनी विचारलं. तुरुंगात भिंती रंगवतो, वकील म्हणाले. आई होती त्याची, ती गेल्या वर्षी गेली. मग त्यांनी टायपिस्ट बाईंना हाक मारली आणि प्रतिज्ञापत्र सांगायला घेतलं. मजकूर सरळ होता. तारीख, वार, वेळ, दोन पाकिटं, उताणं कार्ड. नऊ खुणा आणि तीन खुणा. कोर्टात विचारलेला प्रश्न, आणि दिलेलं उत्तर, आणि ते उत्तर खरं नव्हतं. हे सगळं बाईंनी इतक्या सपाट आवाजात सांगितलं की टायपिस्ट बाईंना एकदाही थांबावं लागलं नाही. मग कारण आलं. वकिलांनी आपण होऊन शब्द पुरवले: वैयक्तिक कारणामुळे मनःस्थिती ठीक नसल्याने. तेवढं पुरेल, ते म्हणाले. बाकीचं तुम्हाला लोकांसमोर मांडायची गरज नाही. त्यात त्यांचा चांगुलपणा होता.

बाईंनी विचार केला. तज्ज्ञ म्हणूनच केला. दुसऱ्या कुठल्या रीतीने विचार करायचा हे त्यांना ठाऊक नव्हतं. "वैयक्तिक कारण म्हणजे काहीच नाही," त्या म्हणाल्या. "सरकारी वकील पहिला प्रश्न विचारेल, कोणतं कारण? किती वेळ? कारण नीट लिहिलं नाही तर कुणी विश्वास ठेवणार नाही, आणि मग त्या माणसाला त्याचा उपयोग नाही. जे झालं तेच लिहा." आणि त्या सांगू लागल्या. दुसऱ्या वाक्याला टायपिस्ट बाईंची बोटं थांबली. त्यांनी चष्म्यावरून वकिलांकडे बघितलं, मग बाईंकडे. हे असंच घेऊ का, त्यांनी विचारलं. असंच, बाई म्हणाल्या. बोटं पुन्हा चालू लागली, पण पहिल्यापेक्षा हळू. कागद बाहेर आला तेव्हा वकिलांनी तो सहीसाठी पुढे सरकवला. बाईंनी तो पर्समध्ये ठेवला. सही उद्या करते, त्या म्हणाल्या; यात एका व्यक्तीचा उल्लेख आहे, तिला आधी दाखवायला हवा.

घरी नवरा खिडकीत बसून शब्दकोडं सोडवत होता. बाईंनी त्याला सगळं सांगितलं. त्याने एकही विनोद केला नाही. शब्दकोड्याचा कागद घडी घालून ठेवला आणि विचारलं, मी इथे बसू की आत जाऊ? बस, बाई म्हणाल्या. त्यांनी मुलीचा नंबर लावला. रविवार नव्हता, त्यामुळे मुलगी घाबरूनच बोलली: बाबांना काही झालं का? बाईंनी सांगितलं की सगळे बरे आहेत; एक कागद वाचून दाखवायचा आहे, त्यात तुझं नाव नाही पण तू आहेस, आणि तुझी हरकत असेल तर मी दुसरं काही लिहीन. मग त्यांनी चष्मा नीट केला आणि कोर्टात वाचतात तसं वाचलं.

"त्या दिवशी सकाळी पावणेअकरा वाजता माझ्या मुलीचं बाळ पोटातच गेल्याचं मला फोनवर कळलं. मला फार दुःख झालं. मला तिच्याशी बोलायचं होतं पण बोलता आलं नाही. माझं दुःख शेजारच्या कुणाला दिसू नये म्हणून मी समोर पडलेला कागद बघत बसले. तो कागद आरोपीच्या ठशांचा होता."

पलीकडे काही क्षण नुसता श्वास. बाईंना तो श्वास ओळखू आला. त्यांनी घड्याळाकडे बघितलं नाही. नवरा खिडकीबाहेर बघत होता.

"किती वेळ?" मुलीने विचारलं.

"पस्तीस मिनिटं," बाई म्हणाल्या. "अकरा पंचवीसपर्यंत."

बाईंना पुढे काय विचारावं ते सुचलं नाही, आणि या वेळी त्यांनी काही विचारलंही नाही. त्या फोन कानाला लावून नुसत्या राहिल्या.

"आणि हे तू कोर्टात, सगळ्यांसमोर सांगणार?"

"हो."

"आई," मुलगी म्हणाली, आणि तिचा आवाज मुळीच रविवारचा नव्हता. "ते परत एकदा वाच."

बाईंनी कागद उजेडाकडे धरला आणि पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली.